चौथा ठोका

उमरग्याच्या खाटीक गल्लीत शिवांजली स्टीलचा डबा घेऊन आली की गिऱ्हाइकं बाजूला सरकत. मटण न्यायला येणाऱ्या बाया पुष्कळ. नुसतं रक्त मागणारी ही एकटीच. पहिल्या महिन्यात करणी-बिरणीचा बोभाटा झाला. मग कळलं, की बाई फार्मसी कॉलेजात शिकवतात, जखमेचं रक्त थांबवायची पट्टी करतायत, तेव्हा कुठं गल्ली गप्प झाली. आता तर खाटीक डबा भरताना "आज ताजं हाय, मॅडम," असं कोथिंबिरीची जुडी द्यावी तसं सांगायचा.

पट्टी म्हणजे जेलची वडी. झिंग्याच्या टरफलांची पूड आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली, पाण्यानं भरलेली, खरवसासारखी थुलथुलीत. वाहत्या जखमेवर ठेवली की तिनं रक्तातलं पाणी शोषावं, मांसाला घट्ट चिकटावं आणि वर दाबून धरणाऱ्या माणसाला आपला हात काढता यावा. शिवांजलीला हवा होता तो एवढा हातच मोकळा.

तीन वर्षांपूर्वी लोहाऱ्याजवळच्या त्यांच्या शेतात वावटळीनं गोठ्यावरचा पत्रा उडाला आणि तिच्या धाकट्या भावाच्या, वरदच्या मांडीत बसला. वडिलांनी, महारुद्र अण्णांनी, जखमेत पंचा कोंबला आणि वर तळहात दाबला. जीप उमरग्याला पोचेपर्यंत तो हात तसूभर हलला नाही. पोरगं बोलत होतं. "अण्णा, तहान लागलीय," म्हणत होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काढा हात." त्यांचंही बरोबरच होतं, आत काय तुटलंय ते बघायचं तर हात काढायलाच हवा. अण्णांनी काढला. पुढचं सांगण्यासारखं काही नाही.

तेव्हापासून अण्णांचा उजवा तळहात कशावर तरी दाबलेलाच असे. गुडघ्यावर, खाटेच्या काठावर, नाहीतर भिंतीवर. जेवायचेसुद्धा डाव्या हातानं. भावकीनं नावं ठेवली, देवऋषी झाले, डॉक्टर झाले. शेवटी शेत बटईनं लावून शिवांजली त्यांना उमरग्याला घेऊन आली. दुपारी ते तिच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत, हात टेबलाच्या कडेवर. रोज सकाळी ती त्यांची नाडी बघायची. घड्याळासारखी चालायची.

"तुमचा हात मोकळा करून देते, अण्णा," ती म्हणायची.

"दे बाई," अण्णा म्हणायचे. हात तिथंच.

वरदच्या काळजाला मात्र लहानपणापासून एक खोड होती. तीन ठोके पडायचे, चौथा गळायचा. घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून घरात त्याची थट्टाच चाले. "शाळेला करतो तसं ह्याचं काळीजबी खाडे करतंय," अण्णा म्हणायचे. आई होती तोवर त्याच्या छातीला कान लावून तो खाडा ऐकायची आणि हसायची.

त्या आठवड्यात कॉलेजची वीज गेली होती, म्हणून वड्यांचा एक ट्रे शिवांजलीनं घरीच जमवायला ठेवला. सकाळी बघते तर झाकण बाजूला आणि अण्णांचा तळहात एका वडीवर.

"अण्णा, अहो ह्याच्यावर काय दाबताय?"

"गार लागलं," ते म्हणाले. वडीवर तळव्याच्या सगळ्या रेघा उमटल्या होत्या. फेकायची म्हणून तिनं ती वेगळी काढली, पण एवढ्या मेहनतीचा माल फेकवेना. चाचणीला चालेल, असं म्हणून डब्यात भरली.

दुपारी कॉलेजची वीज आली, तेव्हा चाचणी लावली. चाचणी साधी होती. मटणाचा जाड तुकडा, त्यातून ओवलेली रबरी नळी, नळीला चीर, मागं डब्यातलं रक्त ढकलणारा पंप. मदतनीस शिवलिंगप्पानं बटण दाबलं आणि चिरेतून रक्त उसळलं. शिवांजलीनं तीच वडी वर ठेवली, तिच्यावर वजन ठेवलं. थोड्या वेळानं वजन उचललं.

एक थेंबही आला नाही.

आजवरची प्रत्येक वडी कडेनं गळली होती. शिवांजलीचे डोळे भरून आले. ओढणीनं ते पुसत ती म्हणाली, "बंद करा पंप."

"कवाच बंद केलाव की, मॅडम."

दाब दाखवणारा काटा हलत होता. तिनं वायर उपटली. काटा हलत होता. नळीत हवा अडकली असेल, हायवेवरच्या ट्रकांचे हादरे असतील. तिनं नळी चिमट्यानं आवळली आणि मागून कापून टाकली. आता त्या तुकड्याला पंपही नव्हता, काटाही नव्हता. वडी मात्र खालीवर होत होती. तिनं बोट टेकवलं. वडी कोमट होती. बोटाखाली तीन ठोके पडले. मग काहीच नाही. मग पुन्हा तीन.

शिवलिंगप्पानंही बोट लावून पाहिलं. ते शर्टाला पुसत पुसत तो दाराकडं गेला. "म्या जरा बाहीर थांबतो," म्हणाला.

चाचणीच्या शेवटी वडी सोलून बघायची असते. शिवांजलीनं सवयीनं कड उचलली. आतून रक्त आलं, खाटकाच्या डब्यातल्यापेक्षा लाल, ऊन. ठोके घाईनं पडायला लागले. तिनं कड चटकन दाबली, पण रक्त येतच राहिलं.

कोपऱ्यातलं स्टूल सरकलं. अण्णा उठले होते. टेबलाच्या कडेवरचा त्यांचा हात आपोआप सुटला होता. ते आले आणि तिची बोटं बाजूला सारून त्यांनी वडीवर तळहात ठेवला. वडीवरच्या रेघांवर हाताच्या रेघा बरोबर बसल्या. रक्त थांबलं.

"वळखलंस का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, नळीत हवा राहिली असेल."

"हवेला खाडा असतो व्हय?"

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात नव्हता. तिनं ओढणीनं पुसलं. एवढ्या वर्षांत ते रडलेच नव्हते, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"शिवे," ते म्हणाले, "काढू का हात?"

हाच प्रश्न त्यांनी विचारावा आणि आपण 'काढा' म्हणावं, यासाठी तिनं तीन वर्षं घासली होती. तिनं आपलाच हात त्यांच्या हातावर ठेवला. अण्णांनी मान हलवली, जणू तिनं उत्तर दिलं होतं.

उन्हं कलली. खिडकीतून मिरच्यांच्या फोडणीचा खाट आला. अण्णांची नखं पांढरी पडत चालली होती. थकले असतील, म्हणून तिनं त्यांच्या डाव्या हाताची नाडी धरली.

तीन ठोके. मग खाडा.

तिनं दुसऱ्या हाताचं बोट वडीच्या कडेला टेकवलं.

तिथं चारही ठोके पडत होते.

ती दोन्हीकडं बोटं ठेवून उभी राहिली. वडी चालत होती, भरदार, घड्याळासारखी. मनगटात आता दोन ठोके पडत होते आणि मग खाडा.

"अण्णा, काढा हात."

अण्णांनी वर पाहिलं. चेहरा दमलेला, पण निवांत.

"त्या दिशीबी असंच म्हनले हुते," ते म्हणाले.

तिनं त्यांचा उजवा हात धरून ओढला. पुन्हा ओढला. हात सुटेना.

"अण्णा, तुमच्या पाया पडते."

"पोरी," अण्णा हळूच म्हणाले, "तहान लागलीय."

पाणी दाराशी माठात होतं. तिथवर जायचं तर मनगट सोडावं लागणार होतं. वडीतले ठोके बिनचूक पडत होते. मनगटावरचं बोट तसंच ठेवून शिवांजली पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली.