डाव्या हाताचा टाका

नृत्यसंस्थेला शंभर वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि मंगळवारी दुपारी नवे व्यवस्थापक शिवणखोलीत आले. "बाई, कपाटातले जुने टूटू काढा. एकेका काळाचा एक, असे सात. पुतळ्यांवर चढवून रांगेत लावू." काम साधं होतं. थोरलीने चष्मा पुसून कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

तिला सगळे थोरली म्हणत, कारण त्याच खोलीत तिची धाकटी जाऊही शिवायची. दोघीच होत्या. धाकटी गेल्या वर्षी तापाने गेली, तरी थोरलीचं नाव काही बदललं नाही.

टूटू म्हणजे बॅले नाचणाऱ्या मुलींचा घेरदार झगा. पहिला मलमलीचा, पोटरीपर्यंत, घंटेसारखा. त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे असत, आणि घेर दिव्याला लागला की पोरगी उभी पेटायची. पुढे नाच अवघड होत गेला, लोकांना पावलं बघायची होती, तसा घेर गुडघ्यावर आला, मग मांडीवर. सहावा पार आडवा, ताटासारखा, आत तार घातलेली. सातवाही तसाच आडवा, पण बिनतारेचा. जाळीचे बारा थर नुसत्या टाक्यांवर उभे. टाका सैल पडला तर घेर लोंबतो, घट्ट पडला तर जाळी चुरगळते. हा सातवा धाकटीने केलेला होता.

थोरलीने तीस वर्षं तारा वाकवल्या. धाकटी मागून आली, डावखुरी, आणि सहा महिन्यांत तिने तारेची गरजच संपवली. "शिकवते ना जाऊबाई, सोपं आहे," असं म्हणायची, तेही हसून. हेच थोरलीला सोसायचं नाही. कुजकी असती तर निदान भांडता आलं असतं. नाचणाऱ्या मुली हळूच सांगायच्या, मला धाकट्या बाईंनी शिवलेला द्या. घरीही तेच. दीर बायकोच्या हातांकडे असा बघत बसायचा की थोरलीचा जीव जळायचा. तिच्या स्वतःच्या नवऱ्याला बायको डावखुरी की उजवी, हेही सांगता आलं नसतं. धाकटी गेली तेव्हा थोरली रडली, पण आतून कुणीतरी म्हणालं, सुंठीवाचून खोकला गेला. कुठला जातोय. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तशी धाकटीची कीर्ती वाढतच गेली.

"हा शेवटचा कुणी केला?" व्यवस्थापकांनी विचारलं. त्यांना इथे येऊन तीनच महिने झाले होते.

"मी," थोरली म्हणाली.

"वा. मग कार्डावर तुमचं नाव घालू. कमरेचे हूक उघडे ठेवा, आतली नावाची पट्टी लोकांना दिसेल."

शिवणारीने आपल्या नावाची पट्टी कमरेत आतून टाचायची, ही तिथली जुनी रीत. व्यवस्थापक गेल्यावर थोरलीने कातरीच्या टोकाने धाकटीची पट्टी उसवली आणि आपली टाचली. वरच्या मजल्यावर तालमीची पावलं दणदणत होती. शेवटचा टाका घालताना जाळी सळसळली. पंखा बंद होता.

बुधवारी सकाळी पाहिलं तर पट्टीवरचे टाके बदललेले. नाव थोरलीचंच. टाके मात्र बारीक, एकसारखे आणि उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताचे.

भीती नंतर वाटली. आधी थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मेली तरी हिला माझ्याहून सफाईने टाचायचंय, आणि तेही माझंच नाव. तिने ते टाके उसवले, आपले घातले, दार लावून घेतलं आणि पुतळ्यासमोर बसून राहिली. दुपार झाली. वरची पावलं थांबली. खळीचा आणि तापल्या इस्त्रीचा वास दाट होत गेला. इस्त्री तर तिने लावलीच नव्हती...

"कोण आहे...?" तिने हळूच विचारलं.

कुणी नव्हतं. तिने खाली पाहिलं. सुई तिच्याच डाव्या हातात होती आणि पट्टीवर चालत होती.

थोरलीने जन्मात डाव्या हाताने शिवलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर सुई टाकून पळाली असती. थोरलीने काय करावं? टेबलावरचा आपला अर्धवट टूटू ओढला आणि त्या हाताखाली सरकवला. तासाभरात बारा थर बिनतारेचे उभे राहिले. हात गार पडला होता, बोटं तिची तिला कळत नव्हती, पण तिची हाव भीतीपेक्षा मोठी होती. "आता बघा म्हणावं," ती पुटपुटली.

शनिवारी सकाळी प्रदर्शन उघडलं. सगळी गर्दी सातव्या पुतळ्यापाशी. टाका कसा घालता ते दाखवाल का, असं कुणीतरी विचारलं आणि थोरलीने हसत सुई घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या क्षणी तिला सुचलं नाही. हात सरसर चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांत तिच्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या, आणि तिचे डोळे भरून आले.

गर्दीमागे दीर उभा होता. कार्ड त्याने वाचलं असणारच. तो पुढे आला तशी थोरली मनात उत्तर जुळवू लागली. पण तो कार्डाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता.

"वहिनी... तुम्ही डाव्या हाताने... कधीपासून?"

ती तोंड उघडणार तोच हाताने सुई खाली ठेवली. तिने ठेवली नव्हती. हात वर गेला, त्याने दिराची दुमडलेली कॉलर सरळ केली, वरचं बटण लावलं आणि छातीवर दोनदा थोपटलं. अगदी रोजच्या सवयीने.

दिराने डोळे मिटले. "किती दिवस लावलेस..." तो म्हणाला.

मग त्याने डोळे उघडून पाहिलं. असं थोरलीकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि आताही तो तिच्याकडे पाहत नव्हता. भीती होतीच, तरी पोटात तीच जुनी आग उठली. ती आपल्याच हातावर जळली.

"चल, गाडी आलीय," नवऱ्याने दारातून हाक मारली.

थोरली वळली, एक पाऊल टाकलं आणि थांबली. हाताने आता दिराची बाही धरली होती आणि तो सुटत नव्हता. उजव्या हाताने ती एकेक बोट सोडवू लागली. चार सुटली. पाचवं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा बाहीवर बसलं होतं.