शून्याचा स्क्रू

बाजारात त्याला सगळे काटेदादा म्हणत. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासायचे, हा त्याचा धंदा. आणि अंगाने स्वतः असा की काटा तपासायला वेगळी वजनं लागू नयेत. "दादा, तुम्ही नुसते उभे राहा. काटा टिकला तर घेतो," असं गिऱ्हाईक म्हणे आणि तोही पोट हलवत हसे. पुढे हसता हसता धाप लागायला लागली, तेव्हा हसू आवरतं घ्यावं लागलं. साखर वाढली, गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी एकदा आडपडदा न ठेवता सांगितलं, "असंच चाललं तर फार वर्षं धरू नका." बायको शेजारी बसली होती. तिने त्याचा हात असा काही घट्ट धरला की त्याने तिथल्या तिथे ऑपरेशनला होकार दिला. त्याला तिच्याबरोबर म्हातारं व्हायचं होतं, एवढंच.

ती मात्र घरी आल्यावर म्हणाली, "माझी काही तक्रार नव्हती हो तुमच्या अंगाबद्दल." त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग कापून काढला, उरला तो केळ्याएवढा. घरी आल्यावरचे दिवस मोठे विचित्र गेले. पाणीसुद्धा घोटघोट प्यायचं. सूप गाळून, चमच्याचमच्याने. एक चमचा जास्त झाला की छातीत दगड ठेवल्यासारखं होई. थंडी कधी माहीत नसलेला माणूस दुपारी स्वेटर घालून बसू लागला. रडूही येई, तेही कशावर, तर टीव्हीवरच्या बिस्किटाच्या जाहिरातीवर! बायको डोळे पुसून देई आणि म्हणे, "अहो, बिस्किट आहे ते, गेलं नाहीये कोणी." मग दोघंही हसत. हसलं की टाके ओढत.

आडवं होऊन झोपता येईना म्हणून तो बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत झोपे, ती आत पलंगावर. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं.

आपल्या दुकानातून त्याने जुना तबकडीचा काटा मागवून घेतला. दवाखान्यातल्या, आकडे दाखवणाऱ्या काट्यावर त्याचा विश्वास नव्हता. "तो प्रत्येक वेळी आपला आपण शून्य धरतो. कशाला शून्य म्हणतोय ते सांगत नाही," असं तो म्हणे. तबकडीच्या काट्याला बाजूला एक छोटा स्क्रू असतो. वर कोणी नसताना काटा शून्यावर नसेल, तर तो फिरवून आणायचा. धंद्यातली ही पहिली सवय, आधी शून्य, मग माल. घरभर पातळी बघायची पाणसळ लावून त्याने सर्वांत सपाट जागा शोधली. ती निघाली झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळाच्या कोपऱ्यात. तिथे काटा बसवला.

रोज सकाळी उठायचं, वाकायचं, शून्य बघायचं, मग वर उभं राहायचं. वजन उतरत होतं. काटा रिकामा असताना शून्याच्या किंचित उजवीकडे असे, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. स्प्रिंग जुनी आहे, ओल धरली असेल. तो अंगठ्याने स्क्रू फिरवे, शून्य धरे आणि चढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दात घासताना माणूस विचार करतो का? तसंच हे होतं.

त्याच सुमारास घरात कुरबुर सुरू झाली.

"अहो, रागावू नका," बायको एकदा म्हणाली, "पण पाव तुम्ही खाल्लात का?"

"मी? मला पाणी उतरत नाही आणि पाव खाऊ?"

"अख्खा होता. आणि काल उकडलेली अंडी. ऑपरेशनमध्ये एवढं सोसलंय, आता जिभेचे चोचले नकोत. टाका उसवला म्हणजे?"

त्याला इतका राग आला की पुन्हा रडूच फुटलं. मग तोच बघायला लागला. भांड्यांच्या जाळीत रोज दोन ताटं पालथी घातलेली दिसत. तो स्वतः तर वाटीतून जेवत होता.

"दोन ताटं कशी गं?"

"मी दोनदा जेवले असेन. आता माझंही मोजणार का?"

ती जेवून जेवून किती जेवणार? चिमणीएवढी बाई. शिवाय ती बदलली होती. ऑपरेशनच्या आधी काळजीने ओढलेला चेहरा आता उजळला होता. काम करताना गुणगुणायची. एकदा तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या बाजूचा खोलगट भाग अजून तसाच आहे. तिथे झोपणारं माणूस कित्येक दिवस बाहेर खुर्चीत होतं. गादी आतापर्यंत वर यायला हवी होती. त्याने तळवा टेकवला. जागा कोमट होती.

मनात पाल चुकचुकली. या वयात, या बाईबद्दल असला विचार करायची त्याला लाज वाटली, पण विचार गेला नाही. आपण अर्धे होतोय आणि घरात कोणीतरी पुरा येऊन जातोय, असंच त्याला वाटायला लागलं.

एका सकाळी ती सूप घेऊन आली ती हसतच. "काल किती दिवसांनी तुमचं घोरणं ऐकलं. शांत झोप लागली बाई."

"मी बाहेर होतो," तो म्हणाला.

"असाल. भिंतीपलीकडून ऐकू येतं की."

वजन उतरल्यापासून त्याचं घोरणं थांबलं होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. सूप चमच्यावर थंड होत गेलं.

दोन घरं टाकून राहणारी त्याची थोरली बहीण त्याच आठवड्यात भेटायला आली. दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे, तू तर पार सुकलास! मग परवा खिडकीत असा कसा दिसलास मला?"

"कुठल्या खिडकीत?"

"आतल्या खोलीच्या. मी भाजी घेऊन चालले होते. म्हटलं, गेले पैसे पाण्यात, पठ्ठ्या आहे तसाच आहे. सबंध खिडकी भरून उभा होतास की रे. मी हात केला, तर तूही केलास."

बायको चटकन म्हणाली, "पडदा असेल, ताई. मी जाड पडदा लावलाय." मग आत जाऊन तिने चहा टाकला. पडदा खरंच जाड होता. पण पडदा हात करत नाही.

दुसऱ्या सकाळी काटा शून्यावर आणायला त्याने स्क्रू फिरवला आणि स्क्रू अडला. पुढे फिरायची जागाच संपली होती. तेव्हा कुठे या माणसाने, सगळं आयुष्य काट्यांत घालवलेल्या माणसाने, विचार केला की आपण रोज हे फिरवत आलो ते कशासाठी.

वजन उचलायची मनाई होती, म्हणून त्याने काटा पायाने सरकवत स्वयंपाकघरात नेला. तिथे काटा सरळ शून्याच्या डावीकडे, तबकडीच्या खुंटीला जाऊन टेकला. म्हणजे स्प्रिंग ठणठणीत होती. त्याने तिथे खरं शून्य धरलं, काट्याबरोबर आलेली लहान पितळी वजनं एकेक ठेवून पाहिली. सगळी तंतोतंत बरोबर. मग काटा परत कोपऱ्यात सरकवला.

वर कोणी नव्हतं. तबकडीवर एका चांगल्या शाळकरी पोराएवढं वजन होतं.

त्याने पाणसळ लावली. फरशी सपाट. काटा बाहेरच्या खोलीत नेला, शून्य. परत कोपऱ्यात आणला. काटा वर गेला आणि जाताना किंचित थरथरला, कोणी पाऊल नीट टेकवावं तसा.

ऑपरेशनपासून आपण किती उतरलो ते त्याला तोंडपाठ होतं. तबकडीवर तेवढंच होतं, आणि वर थोडं जास्त.

थोडं जास्त का, हे कळायला त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. पाव, अंडी, दुसरं ताट.

आपण रोज सकाळी त्या वर उभ्या असलेल्याला शून्य म्हणत आलो. त्याचे पाय काट्याच्या पत्र्यावर टेकलेले होते आणि आपण स्क्रू फिरवून ते नाहीत असं ठरवत होतो. त्याने भिंतीला हात टेकला. छातीत दगड ठेवल्यासारखं झालं, आणि सकाळपासून त्याने एक चमचाही घेतला नव्हता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर मात्र खूश होते. त्यांनी पाठ थोपटली. "झकास उतरताय. घरून मदत चांगली दिसतेय. झोप लागते ना? मन वगैरे? पहिल्या महिन्यांत माणसाला नाही नाही ते वाटतं. आपलं काही हरवलंय असं वाटतं. बोलत चला घरी."

म्हणून तो घरी बोलला. दुपारची वेळ होती. तिला त्याने बोळात बोलावलं, रिकामा काटा दाखवला. आता तबकडीवर शाळकरी पोर नव्हतं. गडी माणूस होता.

ती दचकली नाही. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"तुला माहीत होतं?"

"मला काय कळतंय तुमच्या काट्यातलं?"

"कोण आहे इथे? खरं सांग. मी काही करणार नाही."

पदराशी चाळा करत ती म्हणाली, "मला विचारलंत का तुम्ही? डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही हो म्हणालात. मी घाबरले होते म्हणून हात धरला, तुम्हाला वाटलं मी होकार दिला. अहो, मी तुमच्या कुशीत झोपलेली बाई. तिथे आता हाडं आहेत. तुम्ही चिडता, रडता, खुर्चीत झोपता. मी वाईट नाही. मला माझा माणूस पाहिजे, पहिल्यासारखा. बस्स."

"मीच आहे गं तो. तुझ्यासाठीच केलं मी हे सगळं!"

"ते खरंच," ती मायेने म्हणाली. मग तिने त्याच्या खांद्यावरून मागे कोपऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

तो तिथून निघून बाहेर खुर्चीत जाऊन बसला. भीतीपेक्षा जास्त त्याला एकटं वाटलं. उद्या सकाळी काटा दुकानात परत पाठवायचा, ताईकडे जायचं, बायकोलाही घेऊन जायचं, असं काय काय त्याने ठरवलं. संध्याकाळी तिने वाटीत सूप आणून दिलं नाही. विसरली असेल. त्याला भूकही नव्हती.

सकाळी ऊन बोळापर्यंत आलं होतं. तो काट्याजवळ गेला आणि वाकला.

रिकामा काटा शून्यावर होता. बरोबर शून्यावर.

त्याने डोळे मिटले, उघडले. कोपरा गेला होता... म्हणजे कोपऱ्यातलं ते गेलं होतं. सुटलो, असं तो चक्क मोठ्याने म्हणाला. बोललं तर घर पुन्हा आपलं होतं, डॉक्टर सांगत होते ते काही खोटं नव्हतं. स्वयंपाकघरातून तव्याचा वास येत होता, आणि किती तरी दिवसांनी त्या वासाने त्याला मळमळलं नाही.

तो काट्यावर चढला.

काटा हलला नाही.

त्याने पाय आपटला. पत्र्याचा आवाज झाला नाही. त्याने अंगठा स्क्रूकडे नेला, पण स्क्रू अंगठ्याला लागेना.

"अगं," त्याने हाक मारली. "अगं, जरा ये इकडे."

ती आली. हातात ओलं फडकं होतं. तबकडीपाशी वाकली, डोळे बारीक करून तिने काटा पाहिला. तिचा चेहरा त्याच्या गुडघ्यापासून वीतभर दूर होता.

"अहो," ती स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाली, "बघा, तुमचा काटा आज बरोबर शून्यावर आलाय."

आत खुर्ची करकरली. कोणीतरी तोंडात घास असताना हसलं, पोट हलवत.

ती गालातल्या गालात हसली. वाटेत नको म्हणून तिने काटा पायाने भिंतीकडे सारला. तो अगदी हलका सरकला. मग खाली बसून तिने वरचा पत्रा फडक्याने पुसून घेतला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

फडकं ओलं होतं. त्याच्या पावलांना गार लागलं नाही.