निळा साबण

आज कोणी घाट चढायचा नाही. गुळाचं गरम पाणी घ्या, चीज बुडवा त्यात, आणि बसा. इव्हेलियोचं ऐका आणि मग ठरवा. आमच्याच गल्लीतला गॅरेजवाला. पंचवीस वर्षं मी त्याच्याबरोबर पत्ते खेळलो.

गेल्या वर्षीची पंधरा जुलै. दुसऱ्या दिवशी कार्मेनमातेचा सण, सगळ्या ड्रायव्हरांचा. गाडी सजवायला रंगीत कागद आणि फुगे हवे होते, म्हणून इव्हेलियो दिवेलागणीनंतर वरच्या शहराकडे निघाला. बरोबर नीदिया, त्याची एकुलती एक लेक. तिला लहानपणापासून दमा.

गाडी ती छोटी फ्रेंच. आधी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉन तिबेरियोची. घाटात वीस मिनिटं चालायची आणि बंद पडायची. जरा वेळानं आपोआप सुरू. तिबेरियोनं ती इव्हेलियोला दाखवली. त्यानं ठिणगी पाहिली. चांगली. पंप पाहिला, कार्बुरेटर उघडला. स्वच्छ. मग टाकीचं झाकण सैल केलं, तशी बुडणाऱ्यानं दम घ्यावा तशी टाकीनं हवा आत ओढली. झाकणाचं बारीक भोक मळानं बुजलं होतं. हवा आत नाही, म्हणून पेट्रोल बाहेर नाही. टाचणीचं काम.

पण ती गाडी त्याच्या मनात कधीपासून भरली होती.

"इंजिन गेलं, डॉन तिबेरियो."

तिबेरियोची बायको, डोन्या ओतिलिया, शेजारीच उभी होती. "नीट बघ रे पोरा. तुझी नवरी ह्याच गाडीतून चर्चला आली होती."

"नीट बघितलं, डोन्या. आता कोंबड्या पाळा हिच्यात. नाहीतर मला द्या."

टाकी गळली की आम्ही निळा साबण घासतो. पेट्रोलनं तो विरघळत नाही. त्याच साबणाची चिमूट इव्हेलियोनं झाकणाच्या भोकात अंगठ्यानं दाबली. घट्ट. गाडी लवकर कंटाळा आणेल, एवढाच विचार. माणूस वाईट नव्हता हो. हाव सुटली, एवढंच.

तीन आठवड्यांनी रात्री ओतिलियाचा जीव घाबरा झाला. तिबेरियो तिला मागच्या सीटवर निजवून शहरातल्या दवाखान्याकडे निघाला. कार्मेनमातेच्या वळणावर गाडी बंद, आणि या वेळी आपोआप सुरूही होईना. तिथं ती देवळी आहे ना, नवस फेडायला ड्रायव्हर मोडक्या गाड्यांचे दिवे आणून ठेवतात, तिथंच. श्वासासाठी तडफडून म्हातारी तिथं गेली. तिबेरियोनं गाडी इव्हेलियोलाच देऊन टाकली आणि काली शहरात मुलाकडे निघून गेला. इव्हेलियोनं घरी आणल्या आणल्या भोक टाचणीनं मोकळं केलं. चार महिने गाडी बकरीसारखी चढत होती.

त्या रात्रीही चढत होती.

"बाबा, तुमच्यापेक्षा हिला कमी धाप लागते," नीदिया म्हणाली.

"गप गं. आईवर गेलीस नुसती."

वळण आलं. पावणेनऊ. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

इव्हेलियो टॉर्च घेऊन उतरला. ठिणगी होती. पेट्रोलची नळी काढली. कोरडी. तो मागे गेला. झाकण फिरवलं.

सूऽऽऽ... लांबलचक.

भोकात निळा साबण. ओला. ताजा.

त्यानं टाचणीनं काढला. गाडी सुरू झाली. दहा पावलं गेली. बंद. झाकण उघडलं. पुन्हा साबण. त्यानं झाकण दरीत भिरकावलं. टाकी उघडी. तरी गाडी सुरू होईना.

"बाबा... माझा फवारा..." नीदिया छाती धरून बसली होती. "संपलाय..."

सूऽऽऽ...

टाकीतून नव्हता तो आवाज. मागच्या सीटवरून होता.

देवळीतला एक दिवा लागला. मग दुसरा. तार नाही, बॅटरी नाही. मग सगळे.

"बाबा... मागे कोण बसलंय?"

त्यानं मान वळवली नाही.

"नीट बघ रे पोरा."

"डोन्या..."

"नीट बघ."

तो गुडघ्यांवर बसला. "इंजिन चांगलं होतं. साबण मी भरला. मला गाडी हवी होती... तिला सोडा. तिनं काही केलं नाही."

मग एकेक दिवा विझत गेला.

हे सगळं नीदियानं सांगितलं. बापाचं पुढं काय झालं, ते तिनं पाहिलं नाही.

पहाटे पाचला सणाचे ट्रक वर निघाले, तेव्हा पोरगी मागच्या सीटवर शांत झोपलेली सापडली. छातीत घरघर नाही. म्हणाली, एका म्हातारीनं रात्रभर डोकं मांडीवर घेतलं होतं. केसांतून हात फिरवत होती. हळू घे, लेकरा, हळू घे, म्हणत होती.

इव्हेलियो टाकीला टेकून बसला होता. डोळे उघडे. तोंड मिटलेलं. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं.

लिहू देत. पण त्याला आंघोळ मी घातली. जबडा उघडेना. दोघांनी मिळून उघडला...

आत निळा साबण. दातांपासून थेट घशापर्यंत. घट्ट दाबलेला.

त्यावर अंगठ्याचा ठसा होता. लहानसा. बाईमाणसाचा.