चाचणीचा नंबर

हसू नका, पण घरात इंटरनेटवर चालणारे फोन बसवणारा मी माणूस. डब्याएवढा सर्व्हर, खोलीखोलीत एकेक फोन, झालं काम. वायरींतच इतका गुंता असतो की भुताखेतांना वेळ कुठला!

परदेशातल्या एका मुलाने वडिलांकडे हे बसवायला सांगितलं. दुमजली घर, काका एकटेच. एक फोन खाली आणि एक वरच्या खोलीत हवा म्हणाले.

"वर कोण असतं, काका?"

"आता कोणी नाही. ही आजारपणात वर असायची. हाक मारली की मी खालून म्हणायचो, आलो गं, आलो. गुडघ्यांमुळे जिना नको वाटायचा. त्या दिवशीही तसंच म्हणालो... आणि बातम्या संपेपर्यंत उठलो नाही." ते सर्व्हरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. "वरातीमागून घोडं. कळतं मला. पण तू बसव."

मी खालचा फोन जोडला आणि चाचणीचा नंबर लावून दिला. या नंबरवर आपण जे बोलू तेच सर्व्हर परत ऐकवतो. बाकी त्याला काही येत नाही. काम झालं की मी तो काढून टाकतो.

काकांनी घसा खाकरला. "आलो गं, आलो."

"आलो गं, आलो," स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला. ते हसले. हसता हसता डोळे भरून आले.

"आलो गं..." ते पुन्हा म्हणाले.

या वेळी फोन गप्प राहिला. जिन्यावरून औषधी मलमाचा वास खाली आला. मग एक थकलेला बायकी आवाज म्हणाला, "राहू द्या हो... गुडघे दुखतात ना तुमचे..."

वरचा फोन अजून माझ्या पिशवीत, खोक्यात बंद होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. रिसिव्हर छातीशी धरून एवढंच म्हणाले, "हा नंबर काढू नकोस हं, बाळा."

नाही काढला.

वर्षभरात काका गेले. मुलाने घर विकायला काढलं आणि मला सामान काढून न्यायला सांगितलं. भर दुपारी गेलो. रिकाम्या घरात सर्व्हरचा दिवा तेवढा चालू होता. बंद करण्याआधी राहवेना म्हणून तो नंबर लावला.

"हॅलो?"

माझं हॅलो परत आलंच नाही. पलीकडे दोन माणसं हळू आवाजात गप्पा मारत होती. बाई काहीतरी सांगत होती, काका मध्येच हसले. इतकं बरं वाटलं ऐकून की फोन ठेववेना. आणि मग ती दोघं एकदम थांबली.

"अहो," ती कुजबुजली, "लाइनवर कोणीतरी आहे... बघता का जरा?"

"आलो गं, आलो," काका म्हणाले.

या वेळी ते लगेच उठले. माझ्या डोक्यावरच्या खोलीत खुर्ची सरकली, आणि जिन्याची वरची पायरी करकरली.