पारखीण

त्या काळात स्थळ बघायला जाताना मुलीकडची माणसं सोबत एक पारखीण नेत, आणि पोहे दिवाणखान्यात नव्हे तर अंगणात, भर उन्हात खात. पोह्यांआधी घरातल्या सगळ्या बायकांनी पाहुण्यांसमोर तोंड आणि हात धुवायचे, अशीही रीत पडली होती. ‘ऊन फार आहे, आत बसू या’ असं मुलाकडचं कुणी म्हणालं, की ते स्थळ मोडलंच म्हणून समजा. परक्या माणसाला हा सगळा वेडेपणा वाटला असता. पण त्यामागे शास्त्र होतं, आणि त्या शास्त्रामागे मिरजेतले डोळ्यांचे एक डॉक्टर होते.

कराडच्या अन्विता डुबलला सांगलीच्या निकमांचं स्थळ सांगून आलं, तेव्हा पारखीण घरातच तयार करायची असं ठरलं. अन्विताची आत्या ऋजुता शाळेत भूगोल शिकवायची आणि भावाच्याच घरी राहायची. तिच्या चष्म्याचा नंबर उणे अकरा. तरुणपणी तीन स्थळांनी तिला ‘सोडावॉटरची बाटली’ म्हणून नाकारलं होतं. चष्मा घालवायला गेली तर डॉक्टरांनीही नाकारलं. बुबुळावरचा पडदा पातळ आहे, लेसरनं घासला तर टिकायचा नाही, म्हणाले. पातळ पडद्याला चालणारा लेसर निघाला तोवर लग्नाचं वय उलटून गेलं होतं. दात होते तेव्हा चणे नव्हते, त्यातलीच गत.

“ताई, डोळे करून घे तू,” तिचा धाकटा भाऊ प्रथमेश स्वतःहून म्हणाला. “पोरगी डोळे झाकून कुणाच्या घरात द्यायची नाही मला.”

मिरजेच्या डॉक्टर टेंब्यांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. “पहिला लेसर पडद्याला न घासता आतून त्याचा बाक बदलतो. नंबर तिथेच गेला. दुसरा लेसर पडद्यामागच्या भिंगावर. त्या भिंगात एक पिवळट द्रव्य असतं. उन्हातला अतिनील प्रकाश ते अडवतं, म्हणून तो माणसाला दिसत नाही. ते द्रव्य जाळलं, की दिसू लागतो.”

“दिसू लागतो म्हणजे काय दिसतं?”

“फुलांवरच्या रेघा. एरवी त्या फक्त मधमाश्यांना दिसतात. मला वाटलं होतं, चित्रकार येतील, वनस्पतींचे अभ्यासक येतील.” डॉक्टर स्वतःवरच हसले. “आल्या उपवर मुलींच्या आया.”

“कातडीसाठी ना?”

“कातडीसाठी. मार बसला की काळंनिळं होतं, आठवड्यात ते आपल्याला दिसेनासं होतं. पण कातडीतलं रंगद्रव्य विस्कटलेलं राहतं आणि अतिनील प्रकाश गिळत बसतं. उन्हात ती जागा तुम्हाला गडद दिसेल. महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षंही.”

“आणि वर मलम लावलं तर?”

“उन्हाचं मलम अतिनील अडवतं, त्यामुळे ते तुम्हाला डांबर फासल्यासारखं दिसेल. म्हणून तर ती तोंड धुवायची रीत. आणखी एक. तुमच्या बुबुळाभोवती बारीक निळी कडा राहील. ती फक्त अशाच डोळ्यांना दिसते.”

“मनातलं नाही ना दिसत?” ऋजुतानं हसत विचारलं.

“नाही हो बाई. फक्त कातडी.”

पट्टी सुटली त्या दुपारी ती गच्चीत गेली. कुंडीतल्या झेंडूवर तिला कधी न पाहिलेला रंग दिसला आणि तिला हसूच फुटलं. तेवढ्यात तिची भावजय केतकी दोरीवरचे कपडे काढायला वर आली. केतकीनं हात उंचावला आणि ऋजुताचं हसू जागच्या जागी विरलं. दंडावर चार बोटं उमटली होती, मागच्या बाजूला अंगठा. मानेखाली एक लांब पट्टा. जुन्यावर नवे, नव्यावर आणखी नवे. पंचवीस वर्षं ऋजुता त्याच घरात, भिंतीपलीकडे झोपत होती.

“प्रथमेश?” तिनं विचारलं.

केतकी दचकली नाही. तिनं कपडे खाली ठेवले आणि बाही वर केली.

“नीट बघून घ्या, ताई. हे बोटांचं. हे कमरेच्या पट्ट्याचं. इथं भिंतीवर आपटले होते, ते पसरट दिसत असेल, नाही? तिकडं ओळखता आलं पाहिजे तुम्हाला.”

“मी आत्ता खाली जाऊन विचारते त्याला!”

“आणि पोरीचं लग्न मोडता? माझं काय, झालं आता. तिच्यासाठी स्वच्छ घर बघा. तुमच्याकडं एवढंच मागते मी.”

ऋजुताला भावाचा संताप आला, पण त्याहून जास्त नवल वाटलं. बहिणीला हे डोळे यानंच दिले होते, आणि पहिल्यांदा त्याचंच घर दिसेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. कसं येणार? मारतात ते दुसऱ्यांच्या घरात. आपण करतो तो राग. ती मूग गिळून बसली.

निकमांच्या अंगणात पोहे आले. मुलाची आई धनश्रीबाई आणि थोरली सून सानिका, दोघींनी त्याआधी पाहुण्यांसमोर तोंड, हातपाय धुतले होते. सानिका बशा देत फिरली तसे ऋजुताचे डोळे तिच्या मनगटावरून दंडावर, दंडावरून मानेवर फिरले. धुतल्या तांदळासारखी कातडी. धनश्रीबाईंचीही तशीच.

“पोहे छान झालेत,” ऋजुता म्हणाली. सानिकानं आधी सासूकडे बघितलं, मग ती हसली. “तूही बस ना,” म्हटल्यावर पुन्हा सासूकडे बघितलं आणि उभीच राहिली. ऋजुता तेव्हा तिच्या घोट्यांवर डाग शोधत होती. एकही नव्हता. तिनं केतकीकडे बघून होकारार्थी मान हलवली, आणि केतकीचे डोळे भरून आले. अन्विता आणि मुलगा दोघं चार महिने एकमेकांशी बोलत होते, त्यांचा होकार आधीच होता.

“चला, तुम्हाला आमची बाग दाखवते,” धनश्रीबाई ऋजुताला म्हणाल्या. पेरूच्या झाडापलीकडे ऊन त्यांच्या तोंडावर पडलं आणि ऋजुताला त्यांच्या बुबुळाभोवतीची बारीक निळी कडा दिसली.

“तुम्ही आमच्या बायका बघितल्या, मी तुमची बघितली,” धनश्रीबाई म्हणाल्या. “विहीणबाईंच्या मानेवरचा जुना आहे. दंडावरचा गेल्या दिवाळीतला असावा.”

स्थळ गेलं, असं ऋजुताला वाटलं.

“घाबरू नका. मुलगी पसंत आहे. विहीणबाईंना बघूनच मी पक्कं केलं. इतकं सोसलं, पण कधी माहेर गाठलं नाही की शेजारी कळू दिलं नाही. अशा आईची मुलगी परत जात नाही हो. आई घेईलच कशी तिला परत?”

“तुमच्याकडं तर कुणी मारत नाही,” ऋजुता कसंबसं म्हणाली.

“छे! अंगाला हात कशाला लावायचा? सानिका पहिल्या वर्षी फार बोलायची. मग घरात तिच्याशी बोलणंच बंद केलं सगळ्यांनी. ती जेवायला बसली की बाकीच्यांनी आपापली ताटं उचलायची. माहेरचा फोन आला की झोपलीय म्हणून सांगायचं. दिवाळीपर्यंत सुतासारखी सरळ.” धनश्रीबाईंनी एक पेरू तोडून ऋजुताच्या हातात दिला. “आता तुम्हीच सांगा. दिसलं काही तिच्या अंगावर?”

त्या अंगणात परतल्या तेव्हा प्रथमेशनं होकार देऊन पेढे वाटले होते. गाडीत तो रस्ताभर गुणगुणत होता.

संध्याकाळी ऋजुतानं केतकीला गच्चीत गाठलं आणि सगळं सांगितलं. न बोलणं, उचललेली ताटं, झोपलीय म्हणून तोडलेले फोन. मुलगी कशामुळे पसंत पडली तेवढं मात्र तिच्या जिभेवर आलं नाही. ते एवढ्या जवळून कुणाच्या तोंडावर सांगवत नाही.

“अजून लग्न ठरलेलंच आहे, झालेलं नाही,” ती म्हणाली. “तू म्हण फक्त. प्रथमेशला मी बघते.”

केतकीनं कठड्याला पाठ टेकली.

“पण हात नाही उगारत कुणी?”

“नाही.”

“अंगावर डाग नाही?”

“एकही नाही. पण केतकी—”

ऊन उतरलं होतं. केतकीच्या दंडावरची बोटं दिसेनाशी झाली होती आणि उरला होता तो नुसता तिचा चेहरा, पंचवीस वर्षांत ऋजुतानं पाहिला नव्हता इतका सुखी. केतकीनं पदराच्या गाठीतला पेढा सोडला आणि अर्धा मोडून ऋजुताच्या हातावर ठेवला.

“मग नशीब काढलं हो पोरीनं, ताई.”