जालिंदरच्या इंजिनातला गाळ

त्या काळापर्यंत माणसांनी इंजिनं उघडायचं सोडून दिलं होतं. जागतं तेल आलं होतं ना! या तेलात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी कण तरंगत असत. धूळ, काजळी, पाण्याचा थेंब, झिजलेल्या धातूचा कीस, जे काही तेलात मिसळेल ते हे कण धरून बाजूला करत आणि कुठला भाग कधी दगा देणार हे ड्रायव्हरला महिनाभर आधी सांगून टाकत. ट्रक वीस-वीस लाख किलोमीटर धावत, पण त्यांच्या पोटात माणसाचा हात एकदाही जात नसे. कराडच्या जुन्या नाक्यावरची गॅरेजं एकामागून एक बंद झाली. तिथं आता चहा मिळे, वडापाव मिळे, पण पाना मागितला तर लोक तोंडाकडे बघत.

हणमंत मिस्त्रींना या सुबत्तेचा मनापासून राग होता. वय ब्याऐंशी, पण बोटं अजून तेलाला चटावलेली. त्यांच्या वेळी डिपस्टिक ओढायची, तेल अंगठा आणि बोटात चोळायचं, नाकाशी न्यायचं. खरखरलं तर धूळ, दुधाळ दिसलं तर पाणी, डिझेलचा वास आला तर पंप गळतोय. ठरल्या किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलला की इंजिन लेकरासारखं झोपतं, असं ते सांगत. ते दिवस आठवले की म्हाताऱ्याचा जीव कासावीस होई.

परसात ताडपत्रीखाली त्यांनी एक इंजिन अठ्ठावन्न वर्षं जपलं होतं. ते जालिंदरच्या ट्रकचं. जालिंदर शेवाळे त्यांचा बालमित्र. चिपळूण ते सोलापूर गाडी चालवायचा. उस्तादाच्या मदतीशिवाय हणमंतांनी बांधलेलं ते पहिलं इंजिन. तीन वर्षांनी कुंभार्ली घाटात ते जॅम झालं, बेअरिंगं खलास. तेल डांबरासारखं काळं निघालं. ट्रकचा मालक म्हणाला, ड्रायव्हरनं वाटेत तेल बदललंच नाही. जालिंदरच्या हाती पुन्हा कुणी स्टिअरिंग दिलं नाही. उरलेली उमर त्यानं साखर कारखान्याच्या फाटकावर दुसऱ्यांच्या ट्रकांचे नंबर लिहीत काढली. दर दसऱ्याला तो यायचा, ताडपत्रीवर झेंडूचं फूल ठेवायचा आणि म्हणायचा, "हणमा, माझ्या आळसानं तुझं इंजान गेलं."

आणि अशातच एके सकाळी डॉक्टर तेजश्री काळभोर दारात उभ्या राहिल्या. त्या जुनी इंजिनं शोधत फिरत होत्या.

"गाळवाचनासाठी," त्यांनी सांगितलं. "रांजणाच्या तळाशी गाळ बसतो ना आजोबा, तसा इंजिनाच्या तळाशीही बसतो. तेल बदललं तरी पातळ थर मागे राहतो. नव्या तेलाचा थर त्याच्यावर. आमचं यंत्र एकेक थर सोलून वाचतं. कोकणातली तांबडी धूळ, सोलापूरची काळी, सगळी ओळखता येते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हवा कशी होती ते यातून कळतं."

हणमंतांच्या डोळ्यांत चमक आली. "मंजी त्याल किती बारी बदललं, ते बी कळंल?"

"थर मोजले की झालं."

"मग हे इंजान घेऊन जा बाई. पर माझ्या दोस्तानं त्याल बदललं का न्हाई, तेवढं मला सांगा. बिचारा आता जायाच्या वाटंवर हाय. नावावरचा डाग धुऊन जाऊ दे."

डॉक्टरांनी बजावलं. "आजोबा, गाळ विचारलं तेवढंच सांगत नाही."

"सांगू दे की. भ्यायचं कशाला?" हणमंत म्हणाले.

चार दिवसांनी डॉक्टर परत आल्या. "तुमच्या मित्रानं तेल चौदा वेळा बदललंय. एकदाही चुकवलं नाही. शेवटचं तर घाटात इंजिन जॅम झालं त्याच्या तीन दिवस आधी."

म्हाताऱ्यानं लहान पोरासारखी टाळी वाजवली. "मग ते गेलं कशानं?"

"प्रत्येक थरात थोडी राख सापडली. गोवरीची. चौदाही थरांत."

हणमंतांचे हात खाली आले. भैरोबाचा अंगारा! इंजिन बांधून दिलं त्या दिवशी त्यांनीच जालिंदरला डबीभर अंगारा दिला होता. 'त्याल बदलशील तवा चिमूटभर टाक, भैरोबा सांभाळतोय.' तसा तर त्यांनी कितीतरी ड्रायव्हरांना दिला होता. बाकीचे एकदा टाकून विसरले. जालिंदर पडला नेमाचा माणूस.

"पर अंगाऱ्यानं काय हुतंय बाई? चिमटीभर तर!"

"राखेनं पितळेची भांडी लख्ख का निघतात आजोबा? तिच्यात वाळूसारखे कडक, बारीक कण असतात. फिल्टरमधूनही निसटतात. बेअरिंगचा धातू तर मऊ. हे भांडं तीन वर्षं रोज घासलं गेलं. त्याच किसानं तेल काळं झालं."

मित्रानं जितकी निगा राखली, तितकं इंजिन झिजत गेलं होतं. हणमंतांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दुपारी ते जालिंदरच्या घरी गेले. तो खाटेवर उशाला टेकून बसला होता. हणमंतांनी काही हातचं न राखता सगळं सांगितलं. चौदा वेळा, अंगारा, राख. "चूक माझी हुती, जालिंदर. तुझी न्हवती."

जालिंदर चिडला नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पर मला आठवतंय की," तो म्हणाला. "पाटणजवळ थांबलो हुतो. ऊन मरणाचं. त्यालाचा डबा खाली काढला, आन् म्हणलं, जाऊ दे, फुडच्या खेपंला बदलू. झाडाखाली झोपलो. लिंबाचं झाड हुतं. लख्ख आठवतंय हणमा."

"तसं झालंच न्हाई. गाळ खोटं बोलत न्हाई."

"मग ते झाड कुठनं आलं?"

इंजिन गेल्यावर पहिली दोन वर्षं जालिंदर शपथेवर सांगत होता की तेल बदललंय, हे हणमंतांना आता आठवलं. मग लोक बोलत राहिले, मालक बोलत राहिला, आणि कधीतरी जालिंदरनं मान खाली घातली. न केलेला आळस ऊन-सावलीसकट त्याच्या डोक्यात बसला, थरावर थर चढत गेला. तेलातला थर सोलणारं यंत्र होतं, पण हा कुणी सोलायचा?

जालिंदरनं हणमंतांचं मनगट धरलं. "एवढं लख्ख आठवतंय ते खोटं, तर बाकीच्याचं काय रं? माझी बायकू, सुमन... जाताना माझ्याकडं बघून हसली हुती. त्या बळावर धा वर्सं काढली मी. तू हुतास की तवा दवाखान्यात. हसली हुती न्हवं?"

हणमंत त्या दिवशी तिथंच होते. शेवटचे आठ दिवस सुमननं डोळे उघडले नव्हते.

"व्हय," ते म्हणाले. "हसली हुती."