चॉकलेटी पेटी

मी शलाका कोलते, नववी ब, सन २०५८. वादविवाद स्पर्धेला वीस दिवस होते आणि विषय होता, ‘तापमानवाढ माणसामुळेच!’ मी विरुद्ध बाजूने बोलणार होते. नाइलाज म्हणून नाही हं, मला ते खरंच पटत नव्हतं.

आणि माझ्याकडे कोडंही झकास होतं. आमच्या डोंगरावरच्या शाळेत एक हवामानपेटी आहे (फटींची लाकडी पेटी, आत तापमापक सावलीत राहतो, पण वारा खेळतो). माझे आबा हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी साठ वर्षं तिची रोज नोंद ठेवलीय. पेटी म्हणते, दुपारचं तापमान दोन अंशांनी वाढलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रमानवाचं प्रतिमान (गणिताने केलेली पृथ्वीच्या हवामानाची नक्कल) म्हणतं, एक पूर्णांक तीन.

“हरलास रे शहाण्या!” मी ओरडले. त्याचं खरं नाव सुज्ञ आहे, पण शाळेत त्याला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. “तुझं प्रतिमान चुकलं, मग दोष माणसाचाच कशावरून?”

“शक्य आहे,” शहाणा म्हणाला. “ढगांचं गणित मला अजून नीट जमत नाही. पण पेटी बरोबर आहे, हे तू तपासलंस?”

मी चिडून आबांच्या सगळ्या वह्या काढल्या आणि आलेख काढला. २०३३ साली रेघ एकदम पायरी चढल्यासारखी वर! पण फक्त दुपारची. पहाटेच्या रेघेत पायरीच नाही. म्हणजे जे काही होत होतं, ते उन्हातच. मी पळत पेटीपाशी गेले आणि नखाने रंग खरवडला. चॉकलेटी रंगाखाली पांढरा!

“आबा, पेटी चॉकलेटी कोणी केली?”

आबांचा चेहरा पडला. “मीच गं. शाळेच्या वर्धापनदिनाला आम्ही बाकं, घंटेचा खांब, सगळं शाळेच्या रंगात रंगवलं. तेव्हा पेटीपण... गडद रंग ऊन शोषतो, मलाच कळायला हवं होतं.” ते वहीवरून हात फिरवत राहिले. “साठ वर्षांचं काम, शलू. आता म्हणशील, सगळं खोटं.”

तेच तर म्हणणार होते! पण त्यांच्याकडे बघून जीभ रेटेना. “आधी मोजू,” मी म्हणाले.

शेजारी एक पांढरी पेटी उभी केली. पंधरा दिवस रोज दुपारी दोन्ही तापमापक वाचले. चॉकलेटी पेटी सरासरी शून्य पूर्णांक सहा अंशांनी जास्त गरम! २०३३ नंतरच्या नोंदींतून तेवढं वजा केलं. वाढ उरली एक पूर्णांक चार. शून्य नाही. आणि शहाण्याच्या आकड्याला जवळजवळ चिकटून.

“थांब,” मी अजून हट्टाला पेटलेलीच. “सूर्यच जास्त तापला असेल तर?”

शहाण्याने प्रतिमानात फक्त सूर्य आणि ज्वालामुखी ठेवले. रेघ जवळपास आडवीच. मग कोळसा आणि तेल जाळून निघणारा कार्बन वायू घातला. तो जमिनीकडून येणारी उष्णता गोधडीसारखी अडवतो. रेघ वर चढली आणि आमच्या दुरुस्त नोंदींजवळ येऊन बसली.

“आणि सूर्याचं काम असतं,” आबा म्हणाले, “तर हवेचे अगदी वरचे थरही तापले असते. ते तर गार होतायत. गोधडीच्या आत ऊब, बाहेर गारवा.”

शनिवारी मी व्यासपीठावर गेले. “मी विरुद्ध बोलायला आले होते,” मी म्हणाले, “पण मी स्वतःलाच तपासलं आणि हरले.” मग चॉकलेटी पेटीची सगळी गोष्ट सांगितली. बाजू बदलली म्हणून परीक्षकांनी मला बाद केलं. करंडक विषयाच्या बाजूने बोललेल्या अभिराम इनामदारला. “शलाके, तू तर माझंच भाषण केलंस की!” तो म्हणाला.

“तुझ्यापेक्षा चांगलं केलं!”

सोमवारी आम्ही पेटी पांढरी केली. शहाण्याने पुढच्या पन्नास वर्षांच्या दोन रेघा काढल्या. धूर असाच राहिला तर एक, कमी केला तर दुसरी. दुसरी हळूहळू सपाट होत गेली.

“हीसुद्धा तपासणार मी,” मी बजावलं.

“तपासच,” शहाणा म्हणाला.

आबांनी २०३३ ची वही उघडली आणि समासात लाल शाईने लिहिलं: ‘चूक माझी. दुरुस्ती: शलाका कोलते, नववी ब.’ मग नवी वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर तारीख घालून ठेवली होती. आकडा मी लिहायचा होता.